पालथा हात

“लाल दिसलं की लगेच सांगा,” असं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं मला बजावलं होतं. लाल! माझा लडकू काय गोऱ्या सायबाचा पोरगा होता? आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या अंगावर लाल दिसलेलं नाही. आमच्याकडं मार लागला तर काळ्यावर काळं येतं, तेही दुसऱ्या दिवशी, उन्हात धरून बघितलं तर. पण तेव्हा मी मान हलवली. डॉक्टर खुर्चीत बसलेला, मी उभी, आणि माझं पोर खाटेवर, कमरेखाली मेलेलं. अशा वेळी माणूस कशालाही मान हलवतो.

लडकू साजगावच्या एका कारखान्यात कामाला होता. आमचं गाव पोशीर, नेरळजवळ. तिथून नेरळ, नेरळहून कर्जत, कर्जतहून खोपोलीची गाडी, असा रोज जायचा. शहात्तर साली दिवाळीच्या आधी क्रेनचा दोर सुटला आणि पत्र्यांचा गठ्ठा त्याच्या पाठीवर आला. जीव वाचला, कणा वाचला नाही. अकरा महिने हॉस्पिटलात काढून घरी आला तेव्हा त्याचं वय सव्वीस, लग्नाला तीन वर्षं झालेली, आणि पाय असे, की मुंगी चावली तर बायकोनं सांगावं, अहो, मुंगी चावतेय.

शेजारच्या चंद्रभागेनं पहिल्याच आठवड्यात भगताचं नाव काढलं. मी म्हटलं, “छप्पन साली घरातले देव आमी नदीत सोडले. ते काढून आणायला तुला पोहता येतं का गं?” त्यानंतर ती माझ्यासमोर भगत हा शब्द बोललेली नाही.

हॉस्पिटलानं दोन गोष्टी शिकवल्या होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि कातडी कुठं लाल होते का बघायचं. मी आणि माझी सून गंगा, दोघी आळीपाळीनं ते करायचो. सकाळी त्याची पाठ दाराच्या उजेडाला करायची आणि तांदळातले खडे बघावेत तसं बघायचं. चौथ्या महिन्यात एका सकाळी उजव्या खुब्यावरची कातडी फुटली. आदल्या दिवशी तिथं काही नव्हतं. म्हणजे डोळ्याला काही नव्हतं. फुटली तेव्हा आत लिंबू बसेल एवढी पोकळी होती. वासाचं मी सांगत नाही.

नेरळच्या दवाखान्यातली अनसूया सिस्टर ती जखम धुवायला यायची. बामणाची पोर, पण कधी नाक मुरडलं नाही, आमच्या घरचा चहा प्यायची. खरं आहे ते सांगायला हवं. एक दिवस चिमट्यानं आतलं काळं मांस काढताना ती म्हणाली, “बायजाबाई, हे वरून खाली गेलेलं नाही. आत आधी नासतं. कातडी सगळ्यात शेवटी फुटते.”

ती आपल्या कामात होती. मी मात्र परात हातात धरून तशीच उभी राहिले. कारण ती जे सांगत होती ते मला माहीत होतं. बावीस वर्षं माहीत होतं. फक्त ते माणसाबद्दल माहीत नव्हतं, पोत्याबद्दल होतं.

अप्पाशेठच्या भातगिरणीत मी बावीस वर्षं काढली. आधी झाडायला, मग पाखडायला, मग ओल बघायला. भात घेऊन येणारे वरचं भात उन्हात कडकडीत वाळवायचे आणि पोत्याच्या मधे दमट भरायचे. अप्पाशेठ वरचा दाणा दाताखाली धरून बघायचे. दाणा टक्कन वाजायचा, शेठ खूश. आणि पंधरा दिवसांनी तेच पोतं आतून काळं. मी दाणा बघत नसे. मी पोत्याच्या पोटाला पालथा हात लावायची. तळवा कामाचा नाही, कष्टानं तो इतका जाड होतो की त्याला विस्तवसुद्धा उशिरा कळतो. पालथा हात. आणि एका पोत्याला लावून काहीच कळत नाही. हे अप्पाशेठना शेवटपर्यंत समजलं नाही. एकाला लावायचा, लगेच शेजारच्याला लावायचा, परत पहिल्याला. ज्याच्या आत ओल आहे ते शेजारच्यापेक्षा गार लागतं, आणि दाबलं की आळशासारखं हळू वर येतं. तापतं ते नंतर. तापलं म्हणजे गेलंच. थप्पीत सगळ्यात खालच्या पोत्याला ओल आधी धरते, म्हणून थप्पी मोडून खालचं पोतं वर घ्यायचं. माझ्या हाताखालून गेलेला तांदूळ नेरळच्या सगळ्या आळ्यांनी खाल्ला. ज्यांनी आपल्या विहिरीवर मला कधी घागर बुडवू दिली नाही त्यांनीसुद्धा दोन वेळा जेवून ढेकर दिला.

आणि ही मी! खुबा फुटायच्या दोन दिवस आधी लडकूचं अंग पुसताना माझा पालथा हात त्याच जागेला लागला होता. गार लागलं होतं, पोचट लागलं होतं. हाताला कळलं होतं. पण डॉक्टरनं लाल म्हटलं होतं ना, मग मी लाल शोधत बसले. बावीस वर्षांचा हात मी एका शब्दापायी खुंटीला टांगून ठेवला. त्याची शिक्षा मला नाही झाली, लडकूला झाली. तीन महिने.

त्या दिवसापासून मी बघणं बंद केलं आणि चाचपणं सुरू केलं. सकाळी अंग पुसून झालं की घाम सुकेपर्यंत थांबायचं, कारण वरची ओल वेगळी आणि आतली वेगळी. मग माकडहाड, दोन्ही खुबे, बसायची दोन्ही हाडं, दोन्ही टाचा. डावीकडं हात, उजवीकडं हात, परत डावीकडं. अक्षरं मला बेताचीच येतात, म्हणून कॅलेंडरवर गोल काढायचे. कोरडं असेल तर रिकामा गोल, ओल असेल तर कोळशानं भरलेला. गोल भरला की ती जागा दोन-तीन दिवस टेकवायची नाही, मग लडकू कितीही कुरकुरो. वर्षभरात चार वेळा गोल भरला. चारही वेळा ओल ओसरली. एकदाही कातडी फुटली नाही.

पण याचं कौतुक कुणाला? जे झालंच नाही ते लोकांना दाखवायचं कसं? अनसूया म्हणायची, “तुम्ही फार छान काळजी घेता हो.” मी काळजी घेत नव्हते, मी ओल बघत होते. काळजी तर खुबा फुटला तेव्हाही घेतच होते.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत कारखान्याचं पत्र आलं. गेटवर कामगारांचे बिल्ले द्यायला माणूस हवा होता, आणि लडकूला ती जागा द्यायला कारखाना तयार होता. अट एकच. सोमवारी कारखान्याच्या डॉक्टरसमोर आठ तास खुर्चीत बसून दाखवायचं. लडकूनं ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. अडीच वर्षांत त्याला मी असा हसताना बघितलं नव्हतं. चाकाची खुर्ची हॉस्पिटलानं दिली होतीच.

आणि रविवारी सकाळी डाव्या बसायच्या हाडावर माझा हात थांबला.

उजवीकडं लावला. परत डावीकडं. परत उजवीकडं.

“लडक्या, आज खुर्ची नाय,” मी म्हटलं. “उद्या बी नाय.”

“का?”

“डावीकडं ओल हाय.”

तो पालथाच होता. मान वळवून माझ्याकडं बघितलंन. “आये, उद्या सोमवार हाय.”

“मला वार ठावं हायेत.”

“नाय बसलो तर जागा दुसऱ्याला देतील. गेटवर बसायला त्यांना हजार मिळतील, धड पायांचे.”

गंगा चुलीशी बसून उगाच लाकूड पुढंमागं करत होती. मी तिच्याकडं वळले. “किती बसवलंस गं याला?”

“आत्या, तुमी वावरात गेलात का मग… चार तास. परवा पाच.”

“आन मला सांगितलं नाय.”

“तेच नको म्हणले.”

“आठ तास बसायचं तर सवय नको करायला?” लडकू ओरडला. “तुला बरी नेमकी आजच ओल लागली! माझं अंग हाय, आये. तुझ्या गिरणीतलं पोतं नाय!”

मला असं गप्प करणं अप्पाशेठनाही कधी जमलं नव्हतं. मी हात पुसले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दर दुसऱ्या रविवारी अनसूया त्याची लघवीची नळी बदलायला यायची. ती आली. मी तिला जागा दाखवली. तिनं दारातला उजेड घेऊन नीट बघितलं. “कातडी छान आहे. लाली नाही, फोड नाही. गरमसुद्धा नाही.”

“गरम मागनं होतं, बाई. आधी गार.”

“असं पुस्तकात कुठं नाही हो.”

“पुस्तक लिहिणाऱ्यानं भात झोडलं नसंल. पालथा हात लावून बघा.”

बिचारीनं लावला. इकडं लावला, तिकडं लावला. मग खरं ते बोलली, “मला फरक कळत नाही, बायजाबाई. नाही असं म्हणत नाही. मला कळत नाही.”

“बघ!” लडकू म्हणाला.

खुर्चीचं चाक काढून विहिरीत टाकावं असं माझ्या मनात आलं. टाकलंही असतं. पण मग तो जन्मभर म्हणाला असता, आयेनं बसू दिलं नाय. आणि पोर चुकीचं थोडंच बोललं होतं? अंग त्याचंच होतं. त्याचं त्याला कमरेखालचं काही कळत नव्हतं, म्हणून आम्ही तिघी बाया त्याच्याबद्दल त्याच्या डोक्यावरून बोलत होतो.

“तुझा हात दे,” मी म्हटलं.

“कशाला?”

“दे म्हणते ना. पालथा कर. डोळे मीट. आधी उजवीकडं लाव. आता डावीकडं. दाबू नको, नुसता टेकव. परत उजवीकडं.”

अडीच वर्षं काम न केलेला हात, गंगेच्या हाताहून मऊ झालेला. दोनदा त्यानं रागानं फिरवला. तिसऱ्यांदा जरा हळू. चौथ्यांदा हात डावीकडं गेला तो तिथंच राहिला.

“आये.”

“बोल.”

“हितं गार हाय. आन आत कायतरी… भिजल्यावानी.”

लडकूनं तोंड उशीत घातलं. तिथूनच म्हणाला, “मग जायाचं नाय का उद्या?”

“जायाचं. पालथं जायाचं.”

“पोटावर? कारखान्यात? लोक हसतील.”

“हसू देत. हसण्यानं भोक पडत नाय.”

अनसूयानं पिशवीतून जांभळ्या औषधाची बाटली काढली आणि कापसाच्या बोळ्यानं त्या जागेभोवती गोल काढला. “म्हणजे डॉक्टरांना नेमकी जागा कळेल,” म्हणाली. ज्याची आपल्याला खात्री नाही त्याच्याभोवती गोल काढायलाही हिंमत लागते. ती त्या पोरीत होती.

सोमवारी सकाळी गावातल्या पोशाचा टेंपो बोलावला. खाली पेंढा, वर दोन गोधड्या, त्यावर लडकू पोटावर, बाजूला घडी करून खुर्ची. कर्जतच्या चौकात टेंपो थांबला तेव्हा पानवाल्यानं वाकून विचारलं, “पोशा, मयत कुठली रं?”

“मयत पालथी नेतात का कुठं, येड्या?” पोशा म्हणाला.

“मंग काय झालंय त्याला?”

“कामाला चाललोय,” लडकूनं गोधडीतून डोकं वर काढून सांगितलं. पानवाल्याच्या हातातला चुना सांडला.

कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर होते आणि टाईम ऑफिसचे साहेब होते. डॉक्टर तरुणच, चष्मेवाले, हातावर घड्याळ सैल. दोघांनीही आधी लडकूकडं बघितलं आणि मग खुर्चीकडं, जी रिकामीच ढकलत मी आत आणली होती.

“हे काय?” साहेब म्हणाले. “बसवून आणायचं होतं.”

“डाव्या हाडावर ओल हाय. तीन-चार दिवस टेकवायचं नाय. गोल काढलाय, त्यात बघा.”

डॉक्टरनी बॅटरी मारून बघितलं. “इथं काहीही नाही. त्वचा उत्तम आहे.”

“हात लावा. पालथा. आधी गोलात, मग दुसऱ्या बाजूला.”

“आजीबाई, मी डॉक्टर आहे.”

“म्हणूनच सांगते. वाण्याला सांगितलं असतं का?”

त्यांनी लावला. मी जवळ उभी राहून लावून घेतला, तळवा टेकवत होते तर हात धरून उलटा केला. गोलात, बाहेर, परत गोलात. दुसऱ्यांदा हात गोलात गेला तेव्हा जरा रेंगाळला. मी ते बघितलं. पण डॉक्टर म्हणाले, “काही नाही. तुम्ही मुलाला लाडावून ठेवलंय. बसवा त्याला.”

“लिवून द्या.”

“काय?”

“का जागा चांगली हाय, बसवायला हरकत नाय. खाली सही, तारीख.”

मला वाटलं, पेन अडखळेल. नाही अडखळलं. माणूस भित्रा नव्हता. लिहिलं, सही केली, कागद साहेबांना दिला. साहेब म्हणाले, “चला, लडकू. बस.”

“मी बसणार नाय, साहेब,” लडकू म्हणाला. “काम करतो. पण आज बसणार नाय.”

हे मी त्याला पढवलं नव्हतं.

“अरे, न बसता गेटवर काम कसं करशील?”

“बिल्ला हातानं द्यायचाय का बुडानं?” मी विचारलं.

कंपाउंडर भिंतीकडं तोंड करून खोकायला लागला. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “ठीक आहे,” म्हणाले. “तीनची पाळी काढून दाखव. कसा पडून काढतोस बघू.”

गेटवरच्या खिडकीला बाक लावला. त्यावर गोधडी, गोधडीवर लडकू, छातीखाली उशी, दोन्ही कोपरं पुढं. समोर खिळ्यांच्या फळीवर पितळी बिल्ले. पावणेतीनला माणसं यायला लागली. अडीच वर्षांनी त्याला बघून काही गप्प झाले, काही नको इतकं मोठ्यानं बोलायला लागले. एक जण रांगेतून ओरडला, “काय रं लडकू, मालिश करून घेतोस का?”

“नाय रं एकशेचवदा, तुझं थोबाड उभ्यानं बघवत नाय, म्हणून आडवा झालोय.”

सगळी रांग हसली. एकशेचवदा सगळ्यात जास्त हसला. लडकूला आपला नंबर अजून आठवतोय हे त्याला कळलं. दोनशेच्या वर माणसं गेली, एक बिल्ला चुकला नाही. साहेब घड्याळ हातात धरून उभे होते.

“काम जमतंय,” ते म्हणाले. “पण बाई, वर मी काय पाठवू? अट बसायची आहे, आणि डॉक्टरांचा कागद सांगतो तो बसू शकतो. बसू शकतो आणि बसत नाही, असा माणूस मी कसा घेऊ?”

मग मी ते बोलले. रागात बोलले, पण बोलले. “गुरवारी परत आणते. त्या गोलात बघा. गोलात काय बी उमटलं नाय, तर मी माझ्या हातानं त्याला खुर्चीत बसवीन आन डॉक्टरसाहेबांची माफी मागीन. तवर जागा कुणाला देऊ नका.”

साहेबांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर म्हणाले, “चालेल.”

टेंपोत, पळसदरीच्या पुढं आल्यावर, माझ्या ध्यानात आलं मी काय करून ठेवलंय. ओल धरलेली जागा टेकवली नाही तर ओल ओसरते. ओसरली तर गोलात काही उमटणार नाही. काही उमटलं नाही तर मी खोटी आणि नोकरी गेली. आणि उमटावं असं वाटायचं, तर मी आई कसली?

मंगळवारी तो दिवसभर पोटावर. जागा तशीच गार. बुधवारी सकाळी हात लावला तर गार थोडं कमी. लडकूनंही लावला.

“ओसरतंय, आये.”

“हं.”

“मंग उद्या काय दाखवणार त्यांना?”

तो कोपरांवर उठला. “मी काय म्हणतो, दोन तास बसतो. जास्त नाय. वल हायेच, टेकवलं का डाग येईल. रुपयाएवढा डाग. तो दाखवायचा आन परत पालथं पडायचं.”

“दोनच तास, आत्या,” गंगा खाली बघून म्हणाली. तिलाही ती नोकरी पाहिजे होती. का नसावी? तिचा नवरा परत कुठंतरी निघणार होता, सकाळी डबा घेऊन.

“आन डाग दोन तासांवर थांबला नाय तर? खुबा इसरलास का?”

“मला दिसला कुठं खुबा? मला फक्त वास आला. आये, मला ती जागा पाहिजे.”

“मला बी पाहिजे. पण तुझं मांस नासवून दाखवायचं, तवा त्यांना पटणार, असलं पटणं मला नको. ऱ्हाऊ दे त्यांना शहाणे.”

“आन नोकरी?”

“गेली तर दुसरी बघू. बूड दुसरं मिळत नाय.”

खुर्ची तिथंच दाराशी उभी होती. मी ती लपवली नाही, हलवली नाही. वावरात मात्र मुद्दाम गेले. संध्याकाळी परत आले तर गंगा भाकऱ्या थापत होती आणि लडकू पोटावरच होता. मी कुणाला काही विचारलं नाही. गुरुवारी सकाळी त्यानंच आधी हात लावला. मग मी लावला. डावं-उजवं सारखं. कोरडं. कॅलेंडरवर मी रिकामा गोल काढला, आणि तसला नकोसा रिकामा गोल मी आयुष्यात काढला नव्हता.

परत टेंपो. डॉक्टरनी गोल शोधला. जांभळा रंग फिका झाला होता, पण दिसत होता. बॅटरी मारली. साहेब मागून वाकून बघत होते.

“काही उमटलेलं नाही,” साहेब म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हेही सांगते.

“नाय उमटलं,” मी म्हटलं. “शब्द दिलाय, तो पाळते. डॉक्टरसाहेब, माझ्या पोराची कातडी फुटली नाय, त्याबद्दल माफ करा.”

कंपाउंडरला परत खोकला आला. डॉक्टर मात्र माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांनी बॅटरी खाली ठेवली, हात पालथा केला, कुणी न सांगता, आणि गोलात टेकवला. मग दुसऱ्या बाजूला. मग परत गोलात. खूप वेळ.

“दोन्हीकडं सारखं आहे,” ते म्हणाले.

“हो. वल ओसरली.”

“सोमवारी सारखं नव्हतं.”

साहेबांनी मान वर केली. “म्हणजे?”

“सोमवारी इथं मऊ होतं. आणि गार. मला हाताला लागलं होतं.”

“मंग सोमवारी का नाय बोललात?” मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच.

“डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आजीबाई. मला वाटलं, तुम्ही इतक्यांदा सांगितलंत म्हणून मला भास झाला.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “सोमवारी बसवलं असतं तर आज इथं काय असतं ते मला सांगता येत नाही. पण सोमवारचं आणि आजचं एक नाही, एवढं मी सांगू शकतो.”

त्यांनी साहेबांकडून सोमवारचा कागद मागून घेतला आणि फाडायला लागले. मी त्यांच्या हातातून तो काढून घेतला. “फाडू नका. सही केलेला कागद हाय. दुसरा लिवा.”

दुसरा लिहिला. लडकूनं मोठ्यानं वाचला: काम करण्यास योग्य. किती वेळ बसायचं व केव्हा आडवं व्हायचं हे रुग्णानं स्वतः जागा तपासून ठरवावं.

“स्वतः तपासून?” साहेब म्हणाले. “अहो, हे मी वर कसं पाठवू?”

“वर हात नसतात का कुणाला?” मी म्हटलं.

बोलण्याप्रमाणे मी लडकूला माझ्या हातानं खुर्चीत बसवलं. खाली गोधडीची घडी, ती चारदा सारखी केली. पाय पायरीवर ठेवले. गेटवर नेऊन खुर्ची खिडकीशी लावली आणि बाक बाजूला लावून ठेवला. तीनची पाळी आत गेली. चार वाजले. मी आणि पोशा समोर आंब्याच्या सावलीत बसलो होतो. मला तिथून त्याची पाठ दिसत होती आणि माझा हात शिवशिवत होता. दोनदा उठले, दोनदा बसले.

“जाऊन बघ की, काकी,” पोशा म्हणाला.

“गप बस.”

पाचच्या सुमाराला लडकू खुर्चीत उजवीकडं कलला. डावा हात मागून खाली घातला. मग डावीकडं कलून उजवा. साहेब खिडकीतून बघत होते. कुणी तरी उशिरा आलेला कामगार बिल्ल्यासाठी उभा होता, त्याला लडकू म्हणाला, “थांब जरा, माझं चाललंय.” परत डावा हात. मग त्यानं बिल्ला काढून दिला आणि आमच्याकडं वळून हाक मारली.

“पोशा! बाक पुढं घे रं. मी पालथा होतो.”

पोशा धावला. मी बसूनच राहिले. त्यानं मला बोलावलं नव्हतं.